आकाशांतील अंथरूण

मी पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास व भूगोल शिकविला. भिंतीवरच्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत छडी फिरविणें हा माझा नित्याचा उद्योग. त्या वाटेनें स्वतः जाण्याचा प्रसंग मात्र निवृत्तीनंतर, २०२४ सालीं आला, आणि तोहि हौसेचा नव्हे. माझ्या पत्नीच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेली होती. दोन तासांहून अधिक वेळ सरळ बसूं नये, मधून मधून आडवें व्हावें, आणि आडवें झाल्यावरहि थोड्या थोड्या वेळानें उठून चार पावलें चालावें, अशी डॉक्टरांची सक्त आज्ञा. इकडे लंडनला आमच्या मुलीचें पहिलें बाळंतपण. मुंबई ते लंडन हें अंतर सुमारें साडेचार हजार मैल; थेट जाणाऱ्या विमानालाहि नऊ-दहा तास लागतात. मुलीनें कळविलें, "आईसाठीं बिझनेस क्लासचें तिकीट मी काढतें. कोणत्या कंपनीचें काढूं, तें बाबा, तुम्ही ठरवा." असें तिकीट साध्या तिकिटाच्या तिप्पट-चौपट पडतें, तशीं दोन काढण्याची तिची ऐपत नव्हती. तेव्हां पत्नी पुढें आणि मी पडद्यामागें साध्या वर्गांत, हें ओघानेंच ठरलें.

मीं एक शंभर पानी वही घेतली, उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि डाव्या बाजूस कंपन्यांचीं नांवें लिहिलीं. पण मास्तरकीची खोड अशी, कीं कोष्टक भरण्याआधीं हें कोष्टक मुळांत आलें कोठून, याचा शोध घेतल्यावांचून चैन पडत नाहीं. त्या शोधांत जें हातीं लागलें तेंच आज आपणांपुढें ठेवतों. वर्ग, पडदे, जेवणाच्या याद्या यांचा पसारा बाजूला सारला, तर विमानांतला प्रवासी आरंभापासून एकाच पेचांत सांपडलेला दिसतो: लवकर पोंचावें, कीं अंग टेकून जावें? आणि विमानाच्या मालकाचा पेचहि त्याचीच दुसरी बाजू आहे. जेवढ्या जागेंत एक माणूस निजतो तेवढ्या जागेंत दोघे-तिघे बसतात.

३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनें लंडनहून कराचीपर्यंत नियमित वाहतूक सुरू केली. क्रॉयडनहून बाझलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत आगगाडी, पुढें भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारें विमान, आणि इजिप्तपासून पुन्हां जमिनीवर उतरणारें विमान, अशा अनेक बैठका मोडीत प्रवासी सात दिवसांनीं कराचीस पोंचे. भाडें १३० पौंड. वाटेंत रात्र पडली कीं हॉटेलांत निजावयाचें आणि पहाटे उठून पुन्हां विमानांत बसावयाचें. अंथरूण होतें, परंतु तें जमिनीवर. पुढें १९३१ पासून या कंपनीनें हँडली पेज कारखान्याचीं चार इंजिनांचीं प्रचंड जोडपंखी विमानें आणलीं. त्यांची चाल ताशीं शंभर मैलांच्या आसपास. पण आंत गुबगुबीत खुर्च्या, खिडक्यांना पडदे आणि मेजावर व्यवस्थित वाढलेलें जेवण.

याच सुमारास के. एल्. एम्. ही डच कंपनी ॲमस्टरडॅमहून जाव्हांतील बटाव्हियास विमानें पाठवीत होती, आणि हा मार्गहि कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता असा हिंदुस्थानावरूनच जाई. १९३४ सालच्या लंडन-मेलबर्न शर्यतींत तिचें 'उइव्हर' नांवाचें अमेरिकन बनावटीचें डी. सी. २ विमान तीन उतारू आणि टपाल घेऊन उतरलें व दुसरें आलें. पहिलें आलेलें विमान केवळ शर्यतीसाठींच बांधलेलें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या दुसऱ्या क्रमांकाचें मोल कळतें. पूर्वेच्या प्रवाशापुढें अशी प्रथमच खरी निवड उभी राहिली. एकीकडे दिवाणखान्यासारखें ऐसपैस पण धिमें विमान, दुसरीकडे अरुंद पण बाणासारखें जाणारें. आज आम्ही वहींत ज्या रेघा मारतों त्यांतली पहिली रेघ तेव्हांच ओढली गेली.

मुंबईकर या थोरल्या वाटेपासून अद्याप एका बाजूलाच होता. कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूच्या मैदानावर जे. आर. डी. टाटा स्वतः विमान चालवीत उतरले तें १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं. पण त्यांनीं आणलें तें टपाल. प्रवाशाच्या सुखसोयींचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

१९३६ सालीं इंपीरियलनें शॉर्ट कारखान्याचीं मोठीं जलविमानें काढलीं. उतारूंनीं खिडकीशीं उभें राहून खालचा देखावा पाहावा म्हणून त्यांत कठडा घातलेला एक लांब कक्ष होता. कारखान्याचा हिशेब असा होता, कीं बसविले तर चोवीस उतारू मावतील, निजविले तर सोळा. अमेरिकेंतहि त्याच वेळीं हेंच गणित चाललें होतें. अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनीं डग्लस कारखान्याकडून रात्रीं निजून जाण्याचें विमान बांधून घेतलें. १७ डिसेंबर १९३५ रोजीं तें प्रथम उडालें. त्यांत अंथरुणें होतीं चौदा. तीं काढून तेथें एकवीस खुर्च्या बसविल्या, तेव्हां जें विमान तयार झालें तें जगप्रसिद्ध डी. सी. ३. टपालाच्या सरकारी पैशावांचून केवळ उतारू नेऊन नफा देणारें पहिलें विमान, असा त्याचा लौकिक झाला. म्हणजे श्रोते हो, विमानाच्या धंद्याला बरकत आली ती अंथरुणें गुंडाळून ठेवल्यावर. चौदाच्या जागीं एकवीस! मीं हे दोन आंकडे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले. बिझनेस क्लासचें तिकीट इतकें महाग कां, असें मला कोणी विचारलें म्हणजे मी तें पान दाखवितों.

महायुद्ध संपलें आणि आपलें स्वतःचें विमान आलें. एअर इंडिया इंटरनॅशनल ही कंपनी १९४८ च्या मार्चमध्यें स्थापन झाली, आणि ८ जून १९४८ च्या रात्रीं तिचें 'मलबार प्रिन्सेस' हें लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून निघालें. कैरो आणि जिनीव्हा येथें थांबून तें १० जूनला लंडनास पोंचलें. भाडें १,७२० रुपये. आठवड्याचा प्रवास दीड दिवसाच्या आंत आला, तशी रात्र हॉटेलांत घालविण्याची चाल संपली. आतां निजावयाचें तें आकाशांतच, आणि तेंहि खुर्चींत मान टाकून. अटलांटिकवरून जाणाऱ्या कांहीं बड्या विमानांत जास्त पैसे घेऊन निजण्याचे फळे देत. बोइंग स्ट्रॅटोक्रूझरला तर खालीं उतरावयाचा जिना व तेथें मद्यपानाची खोलीहि होती. मात्र हे लाड मोजक्यांचेच होते.

या काळांतली एक गोष्ट आजच्या ग्राहकाला नवलाची वाटेल. कंपन्यांना भाड्यांत चढाओढ करण्याची मोकळीक नव्हती. एप्रिल १९४५ मध्यें हवाना येथें विमान कंपन्यांचा आयाटा नांवाचा संघ स्थापन झाला. भाडीं संघाच्या सभेंत ठरत, सरकारें त्यांवर मान्यतेची मोहोर उमटवीत, आणि मग सर्व सभासदांनीं तींच घ्यावयाचीं. वर्ग किती असावेत, कोणत्या वर्गाच्या खुर्च्यांत अंतर किती असावें, याचेहि नियम होत. मग गिऱ्हाईक ओढावयाचें कशानें? जेवणानें, अदबीनें आणि चित्रांनीं. बॉबी कूका यांच्या कल्पनेंतून व उमेश राव यांच्या कुंचल्यांतून १९४६ सालीं जन्मलेले लवून मुजरा करणारे महाराज इतके लोकप्रिय झाले, याचें एक कारण, माझ्या मतें, हेंहि आहे. जेथें भाव कमी करण्याला बंदी, तेथें मुजराच अधिक लवून करावा लागतो.

या नियमांपायीं पुढें एक मोठा मौजेचा खटला झाला. १९५८ च्या एप्रिलपासून अटलांटिकवर 'इकॉनॉमी' हा नवा स्वस्त वर्ग निघाला. त्या वर्गाला पूर्ण जेवण द्यावयाचें नाहीं, फक्त सँडविच द्यावयाचे, असा संघाचा ठराव होता. पॅन अमेरिकन कंपनीनें तो अक्षरशः पाळला. स्कँडिनेव्हियाच्या एस्. ए. एस्. प्रभृति युरोपीय कंपन्यांनीं मात्र पावाच्या एका कापावर इतका ऐवज रचला, कीं पाव शोधावा लागे; आणि हाच आमच्याकडचा सँडविच, असें त्या सांगूं लागल्या. पॅन अमेरिकननें तक्रार केली. मोठमोठे अधिकारी लंडनमध्यें जमले आणि सँडविच कशास म्हणावें याचा त्यांनीं गंभीर मुद्रेनें खल केला. तो थंड असावा, साधा असावा, त्यांत मुख्यतः पाव असावा, शेवंडी, कालवें असले उंची पदार्थ नसावेत, असा निवाडा झाला. एस्. ए. एस्.ला वीस हजार डॉलर दंड झाला. पण वर्तमानपत्रांतून तिच्या सँडविचांचा जो डंका वाजला, त्यापुढें दंडाची ही रक्कम कांहींच नव्हती. आमच्या शाळेंतहि डब्यांत काय आणावें याबद्दल एकदां नियम झाला होता. त्याची कथा मात्र येथें नको.

१९६० सालीं एअर इंडियानें बोइंग ७०७ हीं जेट विमानें आणलीं. प्रवासाचा वेळ निम्म्यावर आला, आणि अंथरुणाची भाषा जवळजवळ बंद पडली. इतक्या थोड्या वेळांत निजावयाचें तरी कशाला, असा युक्तिवाद. मग २२ जानेवारी १९७० रोजीं पॅन अमेरिकनचें अवाढव्य ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला आलें. पुढच्या वर्षीं एअर इंडियाचें 'सम्राट अशोक' आलें, बाहेरून प्रत्येक खिडकीस झरोक्याची चित्रांकित चौकट घातलेलें. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या उतारूंना बसण्या-बोलण्याची खोली होती. पण १९७३ चें तेलसंकट आलें, आणि बहुतेक कंपन्यांनीं त्या खोल्यांतहि हळूहळू खुर्च्याच मांडल्या. पुन्हां चौदा आणि एकवीस.

आतां बिझनेस क्लासचा जन्म सांगतों. तो विलासांतून झाला असा सर्वसाधारण समज आहे. खरें पाहतां तो एका गाऱ्हाण्यांतून झाला. १९७० नंतर सवलतीचीं तिकिटें पुष्कळ निघालीं. २६ सप्टेंबर १९७७ रोजीं फ्रेडी लेकर यांनीं 'स्कायट्रेन' सुरू केली आणि लंडनहून न्यूयॉर्कला ५९ पौंडांत माणसें नेलीं. १९७८ सालीं अमेरिकेनें आपल्या देशांतील भाड्यांवरचें सरकारी नियंत्रण काढण्याचा कायदा केला. आतां विमानांतल्या एका रांगेचें चित्र डोळ्यांपुढें आणा. एकानें महिनाभर आधीं सवलतीचें तिकीट घेतलेलें. दुसरा सहलवाल्यांच्या टोळींतला. तिसरा पेढीच्या तातडीच्या कामासाठीं आदल्या दिवशीं पूर्ण भाडें भरून आलेला. खुर्ची तीच, चहा तोच, शेजारचें रडणारें मूलहि तेंच. तिसरा म्हणाला, मग मी दुप्पट-तिप्पट कशाचे दिले? हा तिसरा मनुष्य वर्षांतून वीस वेळां येणारा, म्हणून त्याचा रोष कंपन्यांना परवडणारा नव्हता. १९७८-७९ च्या सुमारास पॅन अमेरिकन, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास यांनीं त्याच्यासाठीं स्वतंत्र कक्ष काढले. पहिलेपणाच्या मानाविषयीं वाद आहे. क्वांटास तो मान आपल्याकडे घेते. आरंभीं या नव्या वर्गांत फारसें कांहीं नव्हतें. एक पडदा, किंचित् रुंद जागा आणि फुकट पेय. गाऱ्हाणें मिटविण्यापुरता तो पडदा होता.

पुढें मात्र चढाओढ लागली, आणि ती फिरून अंथरुणाशीं आली. खुर्च्या मागें अधिकाधिक कलूं लागल्या. मग अशी खुर्ची निघाली, कीं जी सपाट तर होते, पण उतरत्या फळीसारखी तिरपी राहते. तिच्यावर निजणारा झोंपेंत पायांकडे घसरत जातो. शेवटीं २००० सालीं ब्रिटिश एअरवेजनें बिझनेस क्लासमध्यें पूर्ण आडवें, सहा फूट लांबीचें अंथरूण दिलें. चौसष्ट वर्षांपूर्वीं डग्लसच्या विमानांतून निघालेलें अंथरूण परत आलें म्हणावयाचें.

तें बसविलें कसें, ही युक्ति पाहण्यासारखी आहे. लग्नघरांत पाहुण्यांचीं मुलें एका खोलींत निजवितांना आपल्या आया एकाचें डोकें इकडे तर शेजारच्याचें तिकडे, अशी मांडणी करीत. खांद्यांना जागा जास्त लागते, पायांना कमी; उलटसुलट निजविलें म्हणजे दोन जास्त मावतात. त्या कंपनीनें हेंच केलें. अर्ध्या खुर्च्यांचीं तोंडें पुढें, अर्ध्यांचीं मागें. ७४७ विमानांत एका आडव्या रांगेंत अशीं आठ अंथरुणें बसलीं. गैरसोय एकच. खिडकीशीं निजलेल्याला बाहेर पडावयाचें तर शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागत. त्यावर उपाय म्हणून इतर कंपन्यांनीं खुर्च्या तिरप्या मांडून प्रत्येकीस थेट वाट काढून दिली. २०१७ सालीं कतार एअरवेजनें प्रत्येक जागेस सरकतें दार बसविलें. २०१९ सालीं ब्रिटिश एअरवेजनेंहि नव्या विमानांत उलटसुलट मांडणी सोडून दाराचे कक्ष केले.

या इतिहासाचा माझ्या वहीला झालेला उपयोग असा, कीं डाव्या बाजूचीं कंपन्यांचीं नांवें मीं खोडलीं आणि त्यांच्या जागीं विमानांचे प्रकार लिहिले. एकाच कंपनीचीं दोन विमानें दोन काळांतलीं असतात. एअर इंडियाचेंच घ्या. २०१२ पासून आलेल्या तिच्या ७८७ विमानांत बिझनेस क्लासच्या रांगा दोन-दोन-दोन अशा होत्या. २०२४ सालीं सेवेंत आलेल्या एअरबस ३५० मध्यें एक-दोन-एक. पहिल्या मांडणींत खिडकीजवळचा उतारू शेजाऱ्याच्या आड अडकतो, दुसरींत कोणीच अडकत नाहीं. जाहिरातींत दोन्हीं ठिकाणीं शब्द एकच, बिझनेस क्लास.

दुसरा रकाना वेळेचा. आखाती शहरांत विमान बदलावयाचें असेल तर एक तुकडा साडेतीन-चार तासांचा, दुसरा सातांचा. अंथरूण उत्तम असलें तरी पहिल्या तुकड्यांत तें पसरून गुंडाळण्यांतच वेळ जातो. इंपीरियलच्या उतारूची मोडती रात्र ती हीच. तिसरी गोष्ट सूर्याची. मुंबईहून सकाळीं निघालेलें विमान पश्चिमेकडे सूर्याच्या संगतीनें जातें, दिवस सरतच नाहीं. निजण्यासाठीं दिलेल्या पैशांतले निम्मे वाया. उलट लंडनहून रात्रीं निघालेलें विमान रात्र कापीत येतें. जागा जपून निवडावयाची ती परतीची. मीं पत्नीसाठीं परतीला खिडकीजवळची एकेरी, थेट वाटेवरची जागा निवडली आणि तिचे निराळे पैसेहि भरले.

जातांना सारें ठीक झालें. नात झाली, चार महिने गेले. परतीच्या रात्रीं विमानतळावर कळलें, कीं कांहीं कारणानें विमान बदललें आहे. कंपनी तीच (तिचें नांव येथें सांगत नाहीं), वर्ग तोच, पण विमान जुन्या मांडणीचें. पत्नीला खिडकीची जागा मिळाली, आणि तिच्या व वाटेच्या मध्यें एक अनोळखी गृहस्थ. जेवण होतांच ते अंथरूण पसरून गाढ झोंपले. मी मागें पडद्याआड. आपण योग्य तेंच निवडलें या समाधानांत मलाहि डुलकी लागली. सकाळीं मुंबईस उतरल्यावर पाहतों तों तिला उभें राहतां येईना. सबंध रात्र ती उठली नव्हती. उठावें लागूं नये म्हणून पाणीहि प्याली नव्हती. "अहो, ते इतके गाढ झोंपले होते, त्यांना कसें उठवूं?" एवढेंच ती म्हणाली. चाकांच्या खुर्चींतून तिला बाहेर आणलें. पुढचे तीन आठवडे ती घरीं अंथरुणावर होती. कंपनीनें जागा निवडण्याचे भरलेले पैसे परत केले. पत्र सभ्य होतें.

बरें वाटूं लागल्यावर तिनें एके दुपारीं माझी वही मागून घेतली. सगळीं पानें सावकाश चाळलीं, चौदा आणि एकवीस हे आंकडे पाहून त्यांचा अर्थ विचारला, आणि कोष्टकाच्या अगदीं डाव्या बाजूस, माझ्या सर्व रकान्यांच्या आधीं, समासांत एक रेघ ओढून एक रकाना नवा केला. त्याच्या माथ्यावर तिनें लिहिलें, "कोणास न उठवितां उठतां येईल का?" नातीला भेटावयास पुढच्या वर्षीं पुन्हां जाण्याचें घाटत आहे. त्या रकान्याखालीं आजवर दोनच ठिकाणीं 'होय' लिहितां आलें आहे, आणि त्या दोहोंपुढेंहि तिनें कंसांत लिहून ठेविलें आहे: "विमान बदललें नाहीं तर."